'स्टॉकर' लावला की झोप येते, काय करू?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की जगभरच्या नावाजलेल्या, फेस्टिवलवाल्या दिग्दर्शकांच्या सिनेमांपैकी तुमचा आवडता कुठला, आणि काही शंका असतील तर त्याही कळवा. आवडते कमी आले, शंका गोणीभर आल्या. आणि बऱ्याच पत्रांचा सूर असा की जणू परीक्षेचा पेपर आहे, अमुक आवडला असं म्हटलं तर चालेल ना, तमुक नाही कळला तर मी ढ ठरेन का वगैरे. अहो, कोण मार्क देणार आहे? जागा आहे तेवढी पत्रं घेतलीत, काहींना कात्री लावलीय. नाव छापू नका असं जवळजवळ सगळ्यांनीच लिहिलंय (का ते कळतं!) म्हणून खाली फक्त ठिकाणं दिलीत.

प्रश्न : रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीचा 'स्टॉकर' सगळ्यांनी इतका डोक्यावर घेतलाय म्हणून लावला. दिवसभर नोकरी, मग ट्रेन, जेवण उरकून साडेदहाला बसतो. ते तिघं रेल्वेच्या ट्रॉलीवर बसले की माझा खेळ खल्लास, सरळ घोरायला लागतो असं बायको सांगते. माझ्यात काही कमी आहे का? – डोंबिवली

झोप कमी आहे, दुसरं काही नाही. दादा, तुम्ही रोज डोंबिवली ते सीएसएमटी उभ्याने जाता-येता, आणि रात्री लावता काय, तर पावणेतीन तासांचा सिनेमा ज्यात तीन माणसं रुळांवरून चाललीयत, कोणी बोलत नाही, कॅमेरा नुसता त्यांच्या डोक्यांभोवती फिरतोय आणि खालून रुळांचा खटखट आवाज येतोय जो हळूहळू वेगळाच होत जातो. ट्रेनमध्ये दांडीला धरून झोपायची सवय लागलेल्या माणसाला याहून चांगली अंगाई कुठे मिळणार. इराणचे दिग्दर्शक किआरोस्तमी तर उघड म्हणायचे की थिएटरात झोप आणणारे सिनेमे त्यांना आवडतात, कारण तेच नंतर रात्री जागं ठेवतात. तेव्हा लाज वाटून घेऊ नका.

पण तुमची सुरुवात उलटीकडून झालीय. 'स्टॉकर' (१९७९) हा तारकोव्हस्कीचा पाचवा मोठा सिनेमा, तोवर त्याने प्रेक्षकाला हात धरून न्यायचं पूर्ण सोडून दिलं होतं. (आणि या सिनेमाचं पहिलं शूटिंग लॅबमध्ये फिल्म खराब होऊन वाया गेलं, बराचसा सिनेमा परत शूट केला, कॅमेरामनसुद्धा बदलला. आपल्याकडे असं झालं असतं तर निर्मात्याने दुकान बंद केलं असतं.) तुम्ही 'इव्हान्स चाइल्डहूड' (१९६२) लावा, दीड तासाचा आहे, गोष्ट सरळ आहे. युद्धात घरचे गेलेला बारा वर्षांचा पोरगा नदी ओलांडून जर्मनांच्या हद्दीत जातो आणि बातम्या काढून आणतो, मोठे लष्करी अधिकारी त्याला शाळेत पाठवू बघतात आणि तो ऐकत नाही. व्हेनिसला गोल्डन लायन मिळालाय त्याला.

ते जमलं की 'आंद्रे रुब्लेव' घ्या, पण आख्खा नको. शेवटचा घंटेचा भाग आधी बघा, एकटाच बघितला तरी पुरतो. साथीत घंटा ओतणारे सगळे कारागीर मेलेत, राजाची माणसं शोधत येतात, तर एक मिसरूड न फुटलेला पोरगा सांगतो की बापाने मरताना मला गुपित सांगितलंय, मला न्या. झालं, त्याच्या हाताखाली शेकडो माणसं, खड्डा खणणं, माती शोधणं, वितळलेला धातू, आणि घंटा वाजली नाही तर मान उडणार हे त्याला पक्कं माहीत. हवी तशी माती मिळत नाही म्हणून वेड्यासारखा भटकतो, आणि पाऊस पडत असताना उतारावरून घसरतो तेव्हा कुठे ती माती हाताला लागते. गुपित खरंच होतं का नव्हतं ते मी सांगत नाही. हा भाग बघताना कोणी झोपला तर मात्र डॉक्टरला दाखवा.

मला स्वतःला त्याचा 'मिरर' सगळ्यात जवळचा आणि 'सॅक्रिफाइस' आजही जड जातो, आणि हे मी चारचौघांत सांगते.

प्रश्न : भाचीने (ती फिल्मचा कोर्स करते) मला 'जान दिएलमान' नावाचा सिनेमा दाखवला. सव्वातीन तास! बाई बटाटे सोलते, भांडी घासते, पलंग नीट करते. हे मी रोज फुकट करते, बघायला कोणी येत नाही. हा म्हणे जगातला एक नंबरचा सिनेमा. थट्टा चाललीय का? – मुलुंड

ताई, तुमचं पत्र वाचून आमच्या ऑफिसात सगळे हसले आणि मग सगळे गप्प झाले, कारण तुम्ही एका ओळीत जे लिहिलंय ना, 'बघायला कोणी येत नाही', तोच तर सिनेमा आहे.

एक नंबरचं म्हणाल तर ब्रिटनचं 'साइट अँड साउंड' मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांची मतं घेतं. १९५२ मध्ये पहिला आला 'बायसिकल थीव्ह्ज', मग पाच वेळा 'सिटिझन केन', २०१२ ला 'व्हर्टिगो' आणि २०२२ ला हा, शांताल अ‍ॅकरमन या बेल्जियमच्या बाईंचा १९७५ चा सिनेमा. तेव्हा अ‍ॅकरमन पंचविशीच्या आत-बाहेर होत्या. यादी म्हणजे काही कायदा नाही, दहा वर्षांनी बदलेल, तिचं फार मनावर घेऊ नका.

पण एक करा. भाचीला बाजूला ठेवून दुसरा दिवस परत बघा. (सिनेमात तीन दिवस आहेत.) पहिल्या दिवशी सगळं कसं जिथल्या तिथे, खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद, सुपाच्या भांड्यात पैसे टाकले की वर झाकण, वारानुसार ठरलेलं जेवण. ते पैसे कुठून येतात हे तुम्ही बघितलंच असेल, विधवा आहे, दुपारी एक माणूस येतो आणि तेवढ्यात बटाटे शिजतात, इतकं ते तिने घड्याळात बसवलंय. दुसऱ्या दिवशी काहीतरी होतं, काय ते दाखवत नाहीत, पण बटाटे जास्त शिजतात. आणि ही बाई ते पातेलं हातात घेऊन घरभर फिरते. किचनमधून बाहेर, परत आत, कुठे ठेवावं तेच सुचत नाही. भांड्यावर झाकण ठेवायचं राहतं. घरात दुसरे बटाटे नाहीत म्हणून खाली उतरून आणावे लागतात, मुलाचं जेवण लांबतं, आणि तो जेवायला बसतो आणि म्हणतो तुझे केस विस्कटलेत.

आता मला सांगा, हे पातेलं घेऊन फिरणं एखाद्या समीक्षकाला जास्त कळणार का तुम्हाला? ज्याने आयुष्यात बटाटा उकडलेला नाही त्याला त्यात नुसता संथपणा दिसतो. तुम्हाला पोटात गोळा यायला हवा, कारण ज्या बाईचा बटाटा कधी बिघडत नाही तिचा बटाटा बिघडलाय म्हणजे काहीतरी भयंकर घडणार. थ्रिलर आहे तो! तिसऱ्या दिवशी कॉफी नीट होत नाही म्हणून ती ओतून परत करते, परत ओतते, कोटाचं तुटलेलं बटण कुठल्याच दुकानात मिळत नाही, नेहमीच्या कॅफेत नेहमीच्या जागेवर दुसरीच बाई बसलेली असते. आपल्याकडे पाणी गेलं, बाई आली नाही आणि गॅस संपला हे एकाच सकाळी झालं तर जे होतं ते. शेवट तुम्ही बघितलाय, मी इथे छापत नाही.

तरी नाही आवडला तर नाही आवडला. पण 'मी रोज करते' हे कारण सांगून नावडता करू नका, उलट त्याच कारणाने तो तुमचा आहे.

प्रश्न : माझं वय ७९. प्रत्येक लेखात सत्यजित राय म्हटलं की 'पथेर पांचाली'. मला मनापासून विचाराल तर 'महानगर' आवडतो. नातू म्हणतो आजोबा हा काय चॉइस. आपले मत? – गिरगाव

काका, नातवाला म्हणावं आधी बघ. 'पथेर पांचाली' (१९५५) मोठाच आहे, त्याबद्दल वाद नाही, पण तो इतका मोठा झालाय की लोक त्याला बघत नाहीत, नमस्कार करतात. 'महानगर' (१९६३) कडे अजून माणसासारखं बघता येतं. आणि तो काही कोपऱ्यात पडलेला सिनेमाही नाही हो, बर्लिनला राय यांना दिग्दर्शनाचा पुरस्कार त्यावरही मिळाला.

गिरगावात राहणाऱ्याला 'महानगर' का आवडावा हे मला विचारायची गरजच नाही. दोन खोल्यांत सासू, सासरे, नणंद, पोरगं, नवरा-बायको. एकट्या नवऱ्याच्या पगारात भागत नाही म्हणून सून नोकरी धरते, घरोघर जाऊन विणकामाचं मशिन विकायची. सासरे निवृत्त मास्तर, त्यांना हे पसंत नाही, ते सुनेशी धड बोलत नाहीत आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी जाऊन हात पसरतात, एकाकडून चष्मा करून घेतात. सुनेचे पैसे नकोत पण विद्यार्थ्यांचे चालतात! हा म्हातारा आपल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो असंच वाटत राहतं.

त्यातला पगाराचा सीन आठवतो ना? माधवी मुखर्जी पहिला पगार घेऊन ऑफिसच्या बायकांच्या खोलीत जाते, कोऱ्या नोटा हातात, आणि आरशात स्वतःकडे बघते. बस्स. संवाद नाही काही नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात चर्चगेटला किंवा व्हीटीला उतरून नोकरी करणाऱ्या आमच्या आया-मावश्यांपैकी प्रत्येकीने हे कुठल्या ना कुठल्या आरशात केलेलं असणार. आणि मग ती लिपस्टिक. ऑफिसातली अँग्लो-इंडियन मैत्रीण एडिथ तिला देते, ही लावते आणि घरी यायच्या आत पुसते. नवऱ्याला बायकोचा पगार चालतो पण लिपस्टिक खुपते, आणि हा नवरा व्हिलन नाहीये हो, चांगला माणूस आहे, हीच तर त्यातली गोम. पुढे त्याची बँक बुडते आणि घरात कमावणारी तीच एक उरते, तेव्हा त्याचा चेहरा बघा, अनिल चटर्जीने काय काम केलंय. शेवटी ती एडिथवर झालेल्या अन्यायावरून नोकरीचा राजीनामा देते, आणि मला तो शेवट जरा गोड वाटतो, खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला दारात उभा राहणारच की. पण आपल्याला आवडलेल्या माणसाचं एखादं खोटं आपण चालवून घेतो, तसं मी ते चालवून घेते.

नातवाला आमिष हवं असेल तर सांगा की नणंदेच्या भूमिकेत जया भादुरी आहेत, शाळकरी वयातल्या, त्यांचा पहिलाच सिनेमा.

प्रश्न : दिग्दर्शक मणी कौल कुठून सुरू करू? 'उसकी रोटी' अर्धा सोडला. – ठाणे

'दुविधा' (१९७३). दीड तासाच्या आत संपतो, रंगीत आहे, आणि गोष्ट तुला माहीत आहे. विजयदान देथांची लोककथा, नवरा लग्न होताच धंद्याला निघून जातो आणि भूत त्याचं रूप घेऊन घरात येतं. याच गोष्टीवर २००५ मध्ये शाहरुखचा 'पहेली' आला. दोन्ही लागोपाठ बघ, कुठला आवडला हे कोणालाही सांगू नकोस. गाण्याचा कान असेल तर गायिका सिद्धेश्वरी देवींवरचा 'सिद्धेश्वरी'. 'उसकी रोटी' तिथेच आहे, कुठे पळून जात नाही.

प्रश्न : आई-बाबा गावाहून (चिपळूण) महिनाभर राहायला येतायत. आमचं वन-बीएचके आहे. त्यांना घेऊन एखादा चांगला वर्ल्ड सिनेमा बघावा असं मनात आहे पण आईला पट्ट्या (सबटायटल्स) वाचायचा कंटाळा. सुचवाल का? – विरार

सुचवते, पण एक सिनेमा आधी टाळायला सांगते. जपानी दिग्दर्शक ओझूचा 'टोकियो स्टोरी' (१९५३) आई-बाबा घरात असताना लावू नकोस. ते यायच्या आधी तू आणि तुझ्या बायकोने बघा, दोघांनी, मोबाइल लांब ठेवून.

गोष्ट एवढीच की ओनोमिची नावाच्या लांबच्या गावाहून म्हातारा-म्हातारी मुलांकडे टोकियोला येतात. मोठा मुलगा डॉक्टर, उपनगरात दवाखाना. मुलीचं ब्यूटी पार्लर. सगळे कामात. आजी-आजोबांना जागा करायला नातवाचं अभ्यासाचं टेबल पॅसेजमध्ये हलवतात आणि तो पोरगा जो काय तमाशा करतो, वन-बीएचकेवाल्यांनी हे बघितलंच पाहिजे. जावई सासूसासऱ्यांसाठी चांगली महागाची मिठाई आणतो तर मुलगी त्याला झापते, एवढी महाग कशाला, साधी बिस्किटं चालली असती. ती वाईट नाहीये! हिशोबी आहे, दमलेली आहे. मग कोणाला वेळ नाही म्हणून दोघं भाऊ-बहीण वर्गणी काढून आई-बापाला अतामी नावाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या ठिकाणी पाठवून देतात, 'मजा करा', आणि तिथे रात्रभर तरुण पोरांचा धिंगाणा, म्हाताऱ्यांना डोळ्याला डोळा नाही. आपण आई-बाबांना एका रविवारी गेटवे आणि राणीची बाग दाखवून सुटका करून घेतो तेच हे. त्यांचं खरं कोण करतं तर युद्धात गेलेल्या मुलाची बायको, नोरिको, ज्यांच्याशी आता तिचं काही देणंघेणंही उरलेलं नाही.

त्यात कोणी ओरडत नाही, टाळी घ्यायचा डायलॉग नाही, कॅमेरा सतत खाली, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या उंचीला, जसे आपण जेवायला मांडी घालून बसायचो. बापाचं काम केलेला चिशू र्‍यू तेव्हा ४९ वर्षांचा होता आणि सत्तरीचा म्हातारा वाटतो. आणि सगळ्यात लागतं ते मुलीने आईच्या अंत्यविधीनंतर ताबडतोब तिचा अमुक किमोनो मला हवा असं म्हणणं. रडू त्याआधी येऊन गेलेलं असतं, पण इथे आपण गप्पच होतो कारण आपल्याकडे पैठणीवरून काय झालंय ते आठवतं. म्हणून म्हणते आई शेजारी बसलेली असताना नको, तुम्हा दोघांनाही अवघड होईल.

आईसोबत काय बघायचं? किआरोस्तमींचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस' (१९८७). जेमतेम दीड तास, आणि पट्ट्या नाही वाचल्या तरी कळतो. अहमद नावाचा पोरगा चुकून वर्गमित्राची वही घरी घेऊन येतो. उद्या वहीत गृहपाठ नसला तर मास्तर मित्राला शाळेतून काढणार. अहमद आईला सांगायला बघतो आणि आई कपडे धुताधुता एका श्वासात म्हणते अभ्यास कर, बाळाचा पाळणा हलव, ते आण, हे उचल, आणि परत अभ्यास का करत नाहीस! तुझी आई इथे हसणार म्हणजे हसणारच. मग पोरगा टेकडीवरच्या त्या वाकड्यातिकड्या वाटेने पलीकडच्या गावाला धावत सुटतो, घर सापडत नाही, मोठ्या माणसांना विचारतो तर कोणी धड ऐकत नाही. त्याचा आजोबा तर खिशात सिगारेटी असताना त्याला सिगारेटी आणायला पिटाळतो, का, तर पोराला वळण लागावं म्हणून. बाबांचं यावर काय मत आहे ते विचार, तास-दीड तास गप्पा तिथेच होतील.

आणि पट्ट्या अजिबात नकोतच असतील तर मराठीच लाव ना. उमेश कुलकर्णीचा 'विहीर' आहे. पण ती एक मुलगा गेल्याची गोष्ट आहे, घरात नुकतं कोणी गेलं असेल तर थांब.

प्रश्न : आर्ट फिल्म म्हटलं की खेडं, दुष्काळ, नाहीतर परदेश. आमच्या मुंबईवर कोणी मोठ्या दिग्दर्शकाने काढलाच नाही का? – लालबाग

काढला नाही कसा? गोविंद निहलानींचा 'अर्धसत्य' (१९८३) कोणाचा आहे मग, श्री. दा. पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा, दिलीप चित्र्यांची कविता, सगळा मराठी माल आहे. जब्बार पटेलांचा 'सिंहासन' (१९७९) अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा, मंत्रालय ते झोपडपट्टी. पण तुम्ही आजचं विचारताय असं धरते.

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४) बघितला नसेल तर आज बघा. मॅनहोलमध्ये उतरलेला कामगार मरतो आणि एका लोकशाहिराला अटक होते, का, तर त्याने म्हणे गाण्यातून त्याला आत्महत्येला प्रवृत्त केलं. आता अशा विषयावर कोणीही भाषण ठोकलं असतं. ताम्हाणे काय करतो, केस चालू असताना सोडून देतो आणि वकिलांच्या मागे त्यांच्या घरी जातो. सरकारी वकीलबाई (गीतांजली कुलकर्णी) कोर्टातून निघते, लेडीज डब्यात शेजारणीशी तेला-तुपाच्या, तब्येतीच्या गप्पा मारते, पोराला घेते, घरी येऊन स्वयंपाक करते, सगळ्यांना वाढते. ही बाई तुमच्या ओळखीची आहे. कदाचित तुमची वहिनी आहे. आणि सकाळी हीच बाई तितक्याच सहज, तितक्याच कंटाळलेल्या आवाजात त्या म्हाताऱ्या शाहिराविरुद्ध कलमं वाचते. राग कोणावर काढायचा तेच कळत नाही आणि म्हणून राग जात नाही. रविवारी ती कुटुंबासोबत मराठी नाटकाला जाते ना, त्यात परप्रांतीयांवरचे विनोद आणि हाऊसफुल्ल हशा, तो सीन लालबाग-परळच्या प्रेक्षकाने जरा खुर्चीत सावरून बसूनच बघावा. शाहिराचं काम केलेले वीरा साथीदार स्वतः चळवळीतले, २०२१ मध्ये गेले.

ताम्हाणेचाच 'द डिसायपल' (२०२०) गाणं शिकणाऱ्या आणि बहुधा कधीच मोठा न होणाऱ्या मुलाचा. रात्री रिकाम्या रस्त्यांवरून तो बाईक चालवतो आणि कानात गुरूंच्या गुरूंचा जुना टेपवरचा आवाज, तो आवाज सुमित्रा भाव्यांचा आहे. मला 'कोर्ट'पेक्षा हा जास्त आवडतो, पण भांडायला येऊ नका.

पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' (२०२४, कान महोत्सवाचा ग्रां प्री) दादरच्या बाजारापासूनच सुरू होतो. दोन मल्याळी नर्सेस आणि त्यांच्या हॉस्पिटलच्या किचनमध्ये काम करणारी रत्नागिरीची पार्वती, म्हणजे छाया कदम. बिल्डर तिला घरातून काढतोय आणि तिच्याकडे राहत असल्याचा एक कागद नाही. गिरणगावात हे समजावून सांगायची गरज नाही. ती आणि मैत्रीण रात्री जाऊन बिल्डरच्या होर्डिंगवर दगड मारतात, तेवढंच त्यांच्या हातात. उत्तरार्ध कोकणात जातो तिथे मला सिनेमा थोडा स्वप्नाळू होतो असं वाटलं, माझ्या मैत्रिणीला नेमका तोच भाग आवडला. आणि रोहन कानवडेचा 'साबर बोंडं' (२०२५) मुंबईतून सुरू होऊन बापाच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो, अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातलं पहिलं पारितोषिक मिळालंय. त्यातलं नातं दोन पुरुषांमधलं आहे, आणि आईचं पात्र इतकं नीट लिहिलंय की विचारू नका.

प्रश्न : हे सगळं बघायचं कुठे? सगळेच ओटीटी कोण घेणार? – कुर्ला

प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीचं सभासद व्हा, १९६८ पासून चालू आहे. फिल्म हेरिटेज फाउंडेशन कुलाब्याच्या रीगलमध्ये रिस्टोअर केलेल्या प्रिंट्स दाखवतं, त्यावर डोळा ठेवा, जुना सिनेमा एवढ्या मोठ्या पडद्यावर बघितला की घरचा टीव्ही आठवड्याभर आवडत नाही. थर्ड आय आशियाई चित्रपट महोत्सव असतो. पेडर रोडला पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात मिफ होतो, म्हणजे डॉक्युमेंटरी-शॉर्टफिल्मचा महोत्सव. बाकी मित्राचा पासवर्ड हा विषय मी इथे काढत नाही.

प्रश्न : तुम्ही सगळ्यांना सांगत बसता, तुमचा एकच आवडता सांगा. एकच. – अंधेरी

अंधेरीहून विचारताय म्हणून सोपं झालं. किआरोस्तमींचा 'क्लोज-अप' (१९९०).

तेहरानमध्ये होसेन सब्जियान नावाचा एक बेकार, सिनेमावेडा माणूस बसमध्ये एका बाईशेजारी बसलेला असतो, हातात मखमलबाफ या दिग्दर्शकाचं पटकथेचं पुस्तक. बाई विचारते कुठे मिळालं, आणि हा बोलून जातो की ते मीच लिहिलंय, मीच मखमलबाफ. मग त्या कुटुंबाच्या घरी जाणं-येणं, तुमच्या घरात शूटिंग करू, तुमच्या मुलाला रोल देऊ. शेवटी पकडला जातो. ही खरी घटना. किआरोस्तमींनी मासिकात वाचली, हातातलं काम टाकलं, कोर्टात जाऊन खटला शूट करायची परवानगी काढली, आणि जे घडून गेलं होतं ते त्याच माणसांकडून परत करून घेतलं. म्हणजे फसवणारा स्वतः, फसलेलं कुटुंब स्वतः, सगळे आपापल्या भूमिकेत! आता त्या कुटुंबाला शेवटी खरंच सिनेमात काम मिळालं, म्हणजे त्या ठकाने दिलेला शब्द खरा झाला की नाही, सांगा.

तुमच्या आरामनगरात, चार बंगल्याच्या कॉफी शॉपात रोज पन्नास सब्जियान बसलेले असतात, 'माझं एक प्रोजेक्ट फ्लोअरवर जातंय' म्हणणारे. आपण त्यांना हसतो. हा सिनेमा हसत नाही. कोर्टात सब्जियानला विचारतात की हे का केलंस, आणि तो सांगतो की दिग्दर्शक असताना लोक माझं ऐकायचे, मान द्यायचे, आणि घरी परतलो की मी परत तोच, खिशात पैसे नसलेला. मी हे माझ्या शब्दांत सांगतेय, त्याच्या तोंडून ऐका.

आणि एक अगदीच फालतू गोष्ट, जी मला त्या सिनेमातली सगळ्यात आवडते. सुरुवातीला पोलीस त्याला पकडायला घरात जातात, आपल्याला वाटतं आता अटकेचा सीन, तर कॅमेरा बाहेरच राहतो, टॅक्सीवाल्यासोबत. तो कचऱ्यातली फुलं वेचतो, वेळ जात नाही म्हणून एका रिकाम्या स्प्रेच्या डब्याला लाथ मारतो आणि तो डबा उतारावरून घरंगळत जातो, कॅमेरा त्याच्याकडे बघत राहतो, पार थांबेपर्यंत. त्याचा अर्थ काय म्हणून विचारणारी तीन पत्रं माझ्याकडे आधीच आहेत. अर्थबिर्थ माहीत नाही, मला बघायला आवडतं.

प्रश्न : असले सिनेमे बघताना पॉपकॉर्न खाल्लेलं चालतं का? – वसई

ओझूला कुरकुर फार ऐकू येते. वेफर्स तर नकोच, चिक्की चघळा.